लॅपटॉप घेऊन परदेशी राहायला जाताना आधी घड्याळ बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यात घरून काम करणारी मंडळी आता दोन-चार घरांआड सापडतात. नोकरी पुण्या-बंगळुरूची, खुर्ची मात्र नाशिकच्या घरातली. दिवाळी जवळ आली की यांच्यात एक बेत शिजू लागतो. थंडीचे दोन-तीन महिने परदेशातल्या एखाद्या शहरात राहायचे, काम चालू ठेवायचे आणि उरलेल्या वेळात ते शहर निवांत पाहायचे. बेत उत्तम आहे आणि आवाक्यातलाही आहे. आठ दिवसांच्या सहलीत जे शहर बसच्या काचेतून दिसते, ते तीन महिन्यांत पायाखालचे होते. पण आखणीचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. आधी शहर आवडते, मग तिकीट निघते, मग व्हिसाची शोधाशोध होते, आणि आपली कामाची वेळ तिथल्या घड्याळात किती वाजता पडते हा हिशेब विमानात बसल्यावर सुरू होतो. हा क्रम सुलटा व्हावा म्हणून हे सविस्तर पत्र. उदाहरणासाठी थायलंडमधले चियांग माई घेतले आहे, कारण घरून काम करणाऱ्यांची तिथे जुनी वहिवाट आहे आणि अडचणीही ठरलेल्या आहेत.

थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. भारतीय वेळेने साडेनऊ ते साडेसहा काम असेल तर तिथे ते अकरा ते आठ होते. म्हणजे रोजची सकाळ आपली. उजाडल्यापासून साडेदहापर्यंत शहर पाहायला मिळते, आणि ही वेळ उन्हाच्या देशात सोन्यासारखी असते. इंग्लंडच्या ग्राहकासाठी दीड ते साडेदहा बसणाऱ्याचे काम तिथे तीन ते बारा होते, तेही निभते. पण न्यूयॉर्कच्या वेळेवर चालणाऱ्याने पूर्वेकडे जाऊच नये. त्याची उन्हाळ्यातली पाळी नाशिकला संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन असते, ती चियांग माईत रात्री आठ ते पहाटे पाच होते. झोप दिवसा, बाजार झोपेत संपलेला आणि शहर फक्त दिव्यांत पाहिलेले. अशाने पश्चिमेची वाट धरावी. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी भारताच्या दीड तास मागे आहे, तिथे हीच पाळी पाच ते दोन होते. पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये ती दुपारी दोन ते रात्री अकरा होते आणि सकाळ पूर्ण मोकळी राहते. उलट भारतीय वेळेवर काम करणारा हौसेने लिस्बनला गेला तर हिवाळ्यात त्याला पहाटे चारला लॅपटॉप उघडावा लागतो. फोटो तेच, शहर तेच, पण एकाला मानवते आणि दुसऱ्याचे हाल होतात.

यात एक बारीक मेख आहे. अमेरिका आपली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मागे घेताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घेतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत आणि शरदातल्या त्या एका आठवड्यात सगळ्या मीटिंगा तासाने सरकतात. कॅलेंडरमध्ये वेळ ‘भारतीय वेळ’ म्हणून टाकली असेल तर गोंधळ ठरलेला. मीटिंग ज्याच्या सोयीने ठरते, त्याच्या गावच्या वेळेतच ती नोंदवावी.

घड्याळ जुळले की कागद. पर्यटक म्हणून मिळालेला शिक्का हिंडण्या-फिरण्यासाठी असतो, कामासाठी नसतो. ‘कोण विचारतंय?’ हे उत्तर रोज दिले जाते, पण विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ‘तीन महिने इथे काय करणार?’ असे विचारले तर सांगायला काही उरत नाही. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला, तो नेमका अशा लोकांसाठी आहे. मुदत पाच वर्षे, दर प्रवेशाला १८० दिवस राहता येते. वय किमान २० हवे आणि खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. बाट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान फिरतो, म्हणजे साडेबारा ते पंधरा लाख रुपये. इथेच बरेच अर्ज अडतात, कारण आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून आणून भरलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये उघडी पडते. पैसे काही महिने आधीपासून खात्यात दिसले पाहिजेत. शुल्क सुमारे दहा हजार बाट आहे, दूतावासागणिक थोडे कमीजास्त. अर्ज ऑनलाइन होतो आणि करताना अर्जदार भारतातच असावा लागतो. नोकरीचे पत्र, घरून काम करायची परवानगी असल्याचा त्यात उल्लेख, पगाराच्या पावत्या, राहण्याच्या पहिल्या जागेचे बुकिंग हे सगळे जोडावे. नवरा-बायको मिळून जात असतील तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर महापालिकेकडून इंग्रजी प्रत महिनाभर आधी मागवा. पासपोर्टवरचे आणि दाखल्यावरचे नाव अक्षराला अक्षर जुळते का, हेही त्याच दिवशी पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची अडचण इथेच होते.

मलेशियाचा ‘डी रांताऊ’ पास तीन ते बारा महिन्यांचा असतो. संगणक क्षेत्रातल्या माणसाला त्यासाठी वर्षाला २४ हजार डॉलर उत्पन्न दाखवावे लागते. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागते. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि त्यात एका देशातून दुसऱ्या देशात गेल्याने मोजणी थांबत नाही. पोर्तुगाल, स्पेन अशा देशांना पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशात चालणारे प्रमाणन, लागते. हा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागवायचा असतो. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल तर पडताळणीला वेळ लागतो, हे धरून चाला.

कंपनीची परवानगी लेखी घ्या. साहेब तोंडी हो म्हणतात, पण परवानगी तिघांची लागते: मनुष्यबळ विभाग, संगणक सुरक्षा पाहणारे आणि ज्या ग्राहकाचे काम आपण करतो तो. ग्राहकाच्या करारात ‘डेटा भारताबाहेरून उघडायचा नाही’ असे कलम बऱ्याचदा असते आणि ते आपल्या साहेबालाही माहीत नसते. ईमेलमध्ये देशाचे नाव, जाण्या-येण्याच्या तारखा आणि कंपनीचा लॅपटॉप सोबत नेत असल्याचा उल्लेख हवाच. नाही तर पहिल्याच सोमवारी नव्या देशातून लॉगिन झाले म्हणून यंत्रणा खाते बंद करते, ते उघडणारा माणूस भारतात अजून कामावर आलेला नसतो आणि अर्धा दिवस वाया जातो. निघण्यापूर्वी सुरक्षा विभागाकडून तो देश आपल्या खात्यापुरता खुला करून घ्यावा. कंपनीच्या व्हीपीएनचा, म्हणजे कंपनीशी जोडणाऱ्या सुरक्षित जोडणीचा, पत्ता भारताचा दाखवून राहायचा सल्ला कुणी देईल. तो घेऊ नका. पकडले गेल्यावर नोकरीवर येते.

कराचा प्रश्न तीन महिन्यांसाठी सोपा आहे. पगार भारतातल्या खात्यात, टीडीएस चालू, आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात वास्तव्य, तर आपण इथलेच रहिवासी. थायलंडची मोजणी मात्र जानेवारी ते डिसेंबर चालते. त्या वर्षात १८० दिवस भरले की माणूस तिथला करदाता ठरतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून अशा रहिवाशाने बाहेरून थायलंडमध्ये आणलेल्या उत्पन्नावर कर लागू शकतो. म्हणून मुक्काम लांबवायचा मोह झाला तर आधी दोन्ही कॅलेंडरांत दिवस मोजा आणि इथल्या सनदी लेखापालाला विचारा.

आता बँक. तीन महिन्यांत सर्वांत जास्त लोक अडतात ते इथेच, आणि अडकतात ते पैशावाचून नव्हे, ओटीपीवाचून. भारतीय नंबर जिवंत हवा, त्याची मुदत परतीच्या पुढच्या महिन्यापर्यंत भरलेली हवी आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच सुरू करून घ्यायला हवे. एसएमएस येण्यासाठी आपल्या योजनेत वेगळा पॅक लागतो का, हे दूरध्वनी कंपनीला स्पष्ट विचारा. फोनमध्ये त्या सिमचे डेटा रोमिंग बंद आणि सिम चालू ठेवायचे. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. म्हणून महिन्यातून एकदा त्या सिमवरून एखादा एसएमएस तरी पाठवा. भारतीय सिम प्लास्टिकचेच राहू द्या आणि तिथले इंटरनेट ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या सिमवर, घ्या. फोन पाण्यात पडला किंवा काच फुटली तर प्लास्टिकचे सिम काढून जुन्या फोनमध्ये घालता येते. ई-सिम परत मिळवायला मात्र पुन्हा ओटीपीच लागतो आणि तो यायचा असतो त्याच बंद फोनवर. यासाठी घरातला जुना, चालू स्थितीतला फोन सोबत न्यावा. विमानतळावर उतरल्यावर पहिल्याच तासात एखादा छोटा व्यवहार करून ओटीपी येतो का ते पाहावे. नाही आला तर घरच्यांना दूरध्वनी कंपनीच्या दुकानात पाठवायला अजून दिवस हातात असतो.

कार्डांवरचे परदेशी व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून मुळातच बंद असतात. बँकेच्या अॅपमधून ते सुरू करून मर्यादा ठरवावी लागते. दोन वेगळ्या बँकांची, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड अशी कार्डे न्या आणि एकाच पाकिटात ठेवू नका. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के परकीय चलन आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे लाखाच्या खर्चाला ४,१३० रुपये नुसते जातात. हा आकार कमी असलेले किंवा मुळीच नसलेले कार्ड महिनाभर आधी घेतले तर ते पैसे वाचतात. एटीएमवर तिथल्या बँका दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त घेतात. दोन हजार बाट काढले तर अकरा टक्के गेले. वीस हजार एकदम काढले तर जेमतेम एक टक्का. यंत्र किंवा दुकानदार ‘रुपयांत द्यायचे की बाटमध्ये?’ असे विचारतो तेव्हा नेहमी बाट निवडा. रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा लागतो. तिथे भाजीवाल्यापासून सगळे क्यूआर लावून बसलेले दिसतात, पण ती त्यांची प्रॉम्प्टपे यंत्रणा आहे. त्यासाठी तिथले बँक खाते लागते, म्हणून रोख बाळगावीच लागते.

सामानाचे थोडक्यात. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत आणि १०० वॅट-तासांच्या आत. २० हजार एमएएचची बँक ७४ वॅट-तासांची भरते, ती चालते. थायलंडमध्ये वीज आपल्यासारखीच २२०-२३० व्होल्ट आहे. दोन गोल पिनांचा प्लग बसतो, जाड तीन पिनांचा बसत नाही. इथली एक एक्स्टेंशन पट्टी आणि तिच्यापुरता एक अडॅप्टर नेला की पाच उपकरणांची सोय होते. मात्र स्वस्त अडॅप्टरमध्ये अर्थिंग पुढे जात नाही. मग धातूच्या लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवले की मुंग्या आल्यासारखी झिणझिण लागते. चार्जरमधून निसटणाऱ्या अगदी थोड्या विजेला जमिनीत जायला वाट न उरल्याने ते होते. अर्थिंगची पिन असलेला अडॅप्टर आणि तसाच सॉकेट मिळाला की थांबते. मलेशियात इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, तो वेगळा घ्यावा.

औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्तीची, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, नुसते कंपनीचे नव्हे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल, अल्प्राझोलम यांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत, त्यांची परवानगी आधी काढावी लागते. आणि दिवाळीनंतर निघणाऱ्यांसाठी एक खास सूचना: खसखस संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या दोन्ही ठिकाणी बंदीची वस्तू आहे. अनारशावर ती असते, काही घरच्या मसाल्यांतही असते. दुबई किंवा सिंगापूरमार्गे जाणार असाल तर आईने कितीही आग्रह केला तरी अनारशांचा डबा घरीच ठेवा.

जाण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत थायलंडचे डिजिटल आगमन पत्र भरायचे असते. ते फुकट आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे. नाशिकहून मुंबई विमानतळाचा रस्ता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून सुटसुटीत झाला आहे. पण भिवंडी-ठाण्याच्या कोंडीचा भरवसा नाही. उड्डाणाच्या आठ तास आधी घर सोडलेले बरे. ओझरहून दुसऱ्या शहरामार्गे जायचे असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाही तर मधे सामान उतरवून पुन्हा द्यावे लागते आणि पहिले विमान रखडले तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

खोलीच्या बाबतीत नियम एकच. इथे बसून तीन महिन्यांची खोली पक्की करू नका. पहिले सात ते दहा दिवस हॉटेलात किंवा रोजच्या भाड्याच्या जागेत राहा आणि पायी फिरून शोधा. चियांग माईत एका खोलीची सुसज्ज जागा साधारण आठ ते पंधरा हजार बाट महिन्याला मिळते, तीच इथून अॅपवर बरीच महाग पडते. खोली पाहायला आपल्या मीटिंगच्या वेळी जा. दुपारी रिकाम्या इमारतीत वायफाय सुसाट असते, रात्री आठला सगळे भाडेकरू परतले की गळपटते. डाउनलोडचा आकडा सगळे पाहतात. व्हिडिओ कॉल अडतो तो अपलोडवर. पाच एमबीपीएस अपलोड सतत मिळाला तर काम भागते, पण तो वरखाली होता कामा नये. म्हणून नुसती चाचणी न करता त्या खोलीतून घरच्यांना दहा मिनिटे व्हिडिओ कॉल करा. राउटर खोलीत आहे की जिन्यात, हे विचारा. इमारतीचे इंटरनेट ज्या कंपनीचे, मोबाइलचे सिम तिच्याशिवाय दुसऱ्या कंपनीचे घ्या, म्हणजे दोन्ही एकदम बंद पडत नाहीत. टेबलाची उंची ७२ ते ७५ सेंटिमीटर हवी. शोभेच्या बुटक्या टेबलावर आठवड्यात मान धरते. फरशी आणि कोऱ्या भिंतींची खोली घुमते, तेव्हा लॅपटॉपच्या मागे जाड पांघरूण टांगले तर समोरच्याला आवाज स्वच्छ जातो. निम्मान हा भाग कॅफेंमुळे सगळ्यांना हवासा वाटतो, पण विमानतळ शहराला अगदी खेटून आहे आणि विमाने या भागावरून खाली येतात. दिवसभर फोनवर बोलणाऱ्याने खिडकी उघडून अर्धा तास ऐकावे, मगच हो म्हणावे.

भाड्याखेरीज विजेचे बिल फुगते, ते का होते तेही पाहा. बरेच घरमालक युनिटला सात-आठ बाट लावतात, सरकारी दर त्याच्या जवळपास निम्मा असतो. रात्रभर एसी चालला तर सहा-आठ युनिटे जातात आणि महिन्याला दीड-दोन हजार बाट वाढतात. दर करारात लिहून घ्या. किल्ली हातात घेण्याआधी मीटरचा फोटो आणि खोलीचा व्हिडिओ काढा. गादीवरचा डाग, ओरखडा, खिडकीची जाळी सगळे त्यात यावे. गिझर चालू करण्यापूर्वी त्यावरचे चाचणीचे बटण दाबा. वीज तुटली तर ठीक, नाही तुटली तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय आंघोळ नको. आणि घरमालकाने आपली नोंद चोवीस तासांत इमिग्रेशनकडे करायची असते, तिला टीएम ३० म्हणतात. ती पावती मागून घ्या. सलग ९० दिवस झाले की पत्ता कळवावा लागतो, आधीचे १५ ते नंतरचे ७ दिवस ही त्याची मुदत. चुकली तर २,००० बाट दंड. मुदतीपलीकडे राहिलात तर दिवसाला ५०० बाट.

जेवण हा शाकाहारी नाशिककराचा खरा काळजीचा विषय. नुसते ‘मांस नको’ म्हटल्याने काम होत नाही, कारण नाम प्ला म्हणजे माशाचा रस भाजीतही पडतो आणि आमटीच्या वाटणात सुकी कोळंबी असते. शब्द लक्षात ठेवा: ‘किन जे’. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. जैन घरांना आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या माळकऱ्यांना यापेक्षा सोयीचे काय हवे? अशा दुकानावर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर असते. खोलीत स्वयंपाकाची मुभा असली तरी शेगडी बहुधा इंडक्शनची मिळते आणि आपला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. दोन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर, एक जादा रबर आणि एक जादा सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन गेलात की वरण-भाताची चिंता मिटते. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी घरून न्या. तांदूळ तिथला उत्तम. नळाचे पाणी पिऊ नये. रस्त्याकडेला पाण्याची यंत्रे असतात, त्यांत लिटरला एक बाटच्या आसपास पडते.

आता ज्यासाठी जायचे ते शहर. चियांग माई राजा मंगराय याने १२९६ मध्ये वसवले. जुने शहर खंदकाने वेढलेला चौकोन आहे, एक बाजू साधारण दीड किलोमीटर, म्हणजे पूर्ण फेरी सहा किलोमीटरच्या वर. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर रोज फेऱ्या मारणाऱ्याला ही पहाटेची प्रदक्षिणा जड नाही. पहिल्या आठवड्यात फक्त ही फेरी करावी, दुसऱ्यात चौकोनाच्या आतल्या गल्ल्या. वात चेदी लुआंग या देवळाचा शिखराविना उभा असलेला प्रचंड स्तूप १५४५ च्या भूकंपात ढासळला. तो सकाळी आठच्या उन्हात, गाड्या यायच्या आधी पाहावा. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, आणि बायकांनी भिक्षूला स्पर्श होऊ देऊ नये. पिंग नदीकाठचा वारोरोत बाजार सकाळीच. रविवारी संध्याकाळी था फे दरवाजापासून आतला रस्ता वाहनांना बंद होतो आणि सगळा हातकामाचा बाजार रस्त्यावर बसतो. डोंगरावरचे दोई सुथेप मंदिर सुटीच्या दिवशी टाळा, कामाच्या दिवशी साडेसातला निघालात तर दहाला परत येता. तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, सप्तशृंगी चढणाऱ्याला त्या काहीच नाहीत. शहरात लाल सोंगथेव गाड्या फिरतात. हात दाखवायचा, ठिकाण सांगायचे, भाडे बसण्यापूर्वी ठरवायचे.

एका शहरात निदान आठ आठवडे राहा. पहिले दहा दिवस सिम, खोली, भाजीबाजार यांतच जातात. पंधरा-पंधरा दिवसांनी शहर बदलणाऱ्याचे ते दहा दिवस पुन्हा पुन्हा जातात आणि हाती लागते ते फक्त विमानतळ.

ऋतूही पाहा. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. रात्री पंधरा अंशांच्या आसपास जातात, गोदाकाठच्या थंडीची सवय असलेल्याला त्यात स्वेटरही जड. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मात्र डोंगरातले वणवे आणि शेतातला पालापाचोळा जाळण्याचा धूर खोऱ्यात कोंडतो, वर उबदार हवेचे झाकण बसल्यासारखे होते. दमा असलेल्यांनी, लहान मुले असलेल्यांनी त्या दिवसांत जाऊ नये. त्यांच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला नदीत दिवे सोडतात. ती बहुधा आपली त्रिपुरी पौर्णिमाच असते. गोदाघाटावरची दिव्यांची रात्र ज्यांना प्रिय आहे, त्यांनी ती तिथे जरूर पाहावी, मात्र त्या आठवड्याची खोली दोन महिने आधी धरून ठेवावी.

स्कूटरबद्दल कळकळीने लिहितो. तिथे हेल्मेट नि परवाना नसताना स्कूटर भाड्याने मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी दावा फेटाळते आणि रुग्णालयाचे बिल घरच्यांवर येते. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फॉर्म ४ अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. आपल्या मूळ परवान्यावर दुचाकीची नोंद असेल तरच त्यावर ती येते. हा परवाना १९४९ च्या करारानुसार मिळतो, तो थायलंडमध्ये चालतो. व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो, तिथे चालत नाही. प्रवास विमा निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो, बहुतेक पॉलिसींची कमाल मुदत १८० दिवसांची असते, आणि दुचाकीचे कलम शब्दन् शब्द वाचावे.

परतीच्या वेळी अनामत रकमेवरून वाद होतात, कारण लोक रविवारी पहाटेच्या विमानाने निघतात आणि मालकाचे कार्यालय तेव्हा बंद असते. तीस दिवस आधी लेखी सूचना द्या. खोली कामाच्या दिवशी, निघण्याच्या दोन दिवस आधी दाखवा, मीटरचा दुसरा फोटो मालकासमोर काढा, विजेचा हिशेब तिथेच करा आणि किल्ली देताना अनामत रोख हातात घ्या. शेवटच्या दोन रात्री हॉटेलात काढल्या तरी एका महिन्याच्या भाड्याइतकी ती रक्कम वाचते.

आपला नम्र,
एक वाचक
गंगापूर रोड, नाशिक